पेट्रोल आलं की या

माझ्या पिढीला श्रीलंका आधी कानांनी कळली, नकाशात ती नंतर सापडली. १९५२ मध्ये नभोवाणी खात्याचे मंत्री झालेल्या बा. वि. केसकरांनी, म्हणजे आपल्याच एका मराठी माणसाने, आकाशवाणीवरून चित्रपटगीतांना जवळजवळ हद्दपार केले आणि ती गाणी समुद्र ओलांडून रेडिओ सिलोनवर राहायला गेली. बुधवारी रात्री आठला गीतमाला सुरू झाली की आमच्या वाड्यात भांडीसुद्धा हलक्या हाताने घासली जात. ज्या बेटावरून एवढे सूर येतात ते एकदा पाहायचे, असे तेव्हापासून मनात होते. नोकरी, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते यांत चाळीस-पंचेचाळीस वर्षे गेली. अखेर २०२२ च्या जानेवारीत आम्ही ठरवले. सौ. मे महिन्यात शाळेतून निवृत्त होणार होती. ऑगस्टमध्ये कँडीला दंतमंदिराची मोठी मिरवणूक निघते, शृंगारलेले हत्ती आणि ढोलताशे असतात. ती पाहायची, मग नुवारा एलियाचे चहाचे मळे आणि शेवटी गॉलचा किल्ला. पुण्यातल्या एका लहानशा प्रवासी कंपनीमार्फत गाडीचालक ठरला, आगाऊ रक्कमही भरली.

आणि ९ जुलै २०२२ चा शनिवार उजाडला. कोलंबोत हजारो लोक राष्ट्राध्यक्षांच्या निवासस्थानात शिरले. तिथल्या पोहण्याच्या तलावात तरुण मुले उड्या मारताहेत हे दृश्य आपण सर्वांनीच दूरचित्रवाणीवर पाहिले आहे. चार दिवसांनी गोटाबाया राजपक्षे लष्करी विमानाने मालदीवला आणि तिथून सिंगापूरला गेले. १४ जुलैला त्यांचा राजीनामा आला.

त्या शनिवारी संध्याकाळी आमच्या घरात दोन फोन आले. पहिला ठाण्याहून मुलीचा. "बाबा, तुम्ही अजून रद्द केलं नाहीत?" दुसरा मेलबर्नहून मुलाचा. तो म्हणाला, "बाबा, आज याच क्षणी गॉलला कसोटी चालू आहे. इथून माणसं ती बघायला गेली आहेत आणि मजेत आहेत." दोघांचेही खरे होते. गॉलच्या किल्ल्याच्या तटावर निदर्शक घोषणा देत होते आणि खाली मैदानात ऑस्ट्रेलिया आणि श्रीलंका यांचा सामना सुरळीत चालला होता. दोनच दिवसांपूर्वी कँडीजवळच्या पल्लेकेलेला आपल्या मुलींचा संघ शेवटचा एकदिवसीय सामना खेळला होता, आणि त्यात आपली सांगलीची स्मृती मानधनाही होती. सौ. म्हणाली, "अहो, त्या पोरी खेळून आल्या, आपल्याला नुसतं बघायला जायचंय."

जावे की न जावे? प्रश्न तेवढाच होता. पण त्याचे उत्तर शोधताना एका देशाचा हिशेब समोर आला आणि माझा स्वतःचाही.

मी तीस वर्षे बँकेत काढली, त्यातली सहा परकीय चलन विभागात. त्यामुळे आधी हिशेब. श्रीलंका इंधन, औषधे, गहू, दूधभुकटी बाहेरून आणते, आणि बाहेरचा विक्रेता श्रीलंकेचा रुपया घेत नाही, डॉलर मागतो. हे डॉलर त्या देशाकडे मुख्यतः चार वाटांनी येतात : तयार कपड्यांची निर्यात, चहा, परदेशी राबणाऱ्या माणसांनी घरी पाठवलेले पैसे आणि पर्यटक. २००९ मध्ये यादवी युद्ध संपल्यावर चौथी वाट चांगलीच रुंद झाली होती. २०१८ साली २३ लाखांहून अधिक पर्यटक आले आणि त्यांनी सुमारे ४४० कोटी डॉलर आणले.

मग एकामागून एक घाव बसले. २१ एप्रिल २०१९ ला, ईस्टरच्या रविवारी, चर्च आणि कोलंबोतली मोठी हॉटेले यांत आत्मघातकी स्फोट झाले आणि अडीचशेहून अधिक माणसे गेली. त्याच वर्षाच्या अखेरीस नव्या सरकारने मूल्यवर्धित कर १५ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आणला, म्हणजे उत्पन्न घटत असताना स्वतःच आपला पगार कापून घेतला. २०२० मध्ये करोना आला. २०२१ च्या उन्हाळ्यात रासायनिक खतांच्या आयातीवर एका फटक्यात बंदी घातली गेली. ती नोव्हेंबरात मागे घेतली, तोवर भाताचे पीक हातचे गेले होते. त्या वर्षी पर्यटक आले फक्त १ लाख ९४ हजार.

याच काळात सरकारने डॉलरचा दर २०० रुपयांच्या आसपास बांधून ठेवला होता. बाहेरच्या बाजारात त्याहून जास्त मिळत होते. मग आखातात राबणारा माणूस बँकेतून पैसे कशाला पाठवील? तो हुंडीवाल्याकडे गेला. २०२० मध्ये बँकांमार्फत सुमारे ७१० कोटी डॉलर आले होते, २०२१ मध्ये ते ५५० कोटींवर घसरले. मार्च २०२२ मध्ये दर मोकळा सोडावा लागला आणि दोन महिन्यांत डॉलर ३६० रुपयांच्या घरात गेला. २०१९ च्या अखेरीस परकीय चलनाची गंगाजळी सुमारे ७६० कोटी डॉलर होती. मे २०२२ मध्ये अर्थमंत्र्यांनी संसदेत सांगितले की प्रत्यक्ष वापरता येतील असे ५ कोटी डॉलरही उरलेले नाहीत. दोन कोटींहून अधिक वस्तीच्या देशाची ही शिल्लक. एप्रिलमध्येच सुमारे ५,१०० कोटी डॉलरच्या विदेशी कर्जाची परतफेड थांबवल्याचे जाहीर झाले होते. मार्चअखेर दिवसाला तेरा-तेरा तास वीज नव्हती, आणि पेट्रोल-रॉकेलच्या रांगांत उभी असलेली म्हातारी माणसे कोसळून मेली. लोक राष्ट्राध्यक्षांच्या दारात गेले ते या सगळ्याच्या शेवटी.

हा हिशेब मांडताना मला एक जुनी दुपार आठवली. नव्वदच्या दशकात एका तालुक्याच्या गावी मी शाखाधिकारी होतो. आमच्या समोरच्या पतसंस्थेबद्दल गावात अफवा उठली. दुपारपर्यंत ठेवीदारांची रांग कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली. रांगेत एक निवृत्त पोस्टमास्तर होते, माझ्या ओळखीचे. मी त्यांना विचारले, "तुम्हीसुद्धा?" ते म्हणाले, "साहेब, संस्था बुडणार नाही हे मला माहीत आहे. पण बाकीचे काढताहेत, आणि मी मागे राहिलो तर मी बुडेन." त्यात चुकीचे काय होते? काहीच नाही. त्या रांगेतला प्रत्येक जण आपापल्यापुरता बरोबर होता आणि सगळे मिळून ते एक चांगली चाललेली संस्था बुडवत होते.

पर्यटनावर जगणारे बेट हे अशा बँकेसारखेच असते. तिथली खरी ठेव म्हणजे परक्या माणसाचा विश्वास. एका शहरातल्या एका चौकातली आग पडद्यावर दिसते आणि तिकडे शे-दीडशे किलोमीटरवरच्या खेड्यातल्या खोल्या रिकाम्या होतात. ज्याने रद्द केले तो शहाणा ठरतो. पण त्याच्या शहाणपणाचे बिल भरतो तो खानावळवाला, गाडीचालक, हॉटेलात चादरी धुणारी बाई. राज्यकर्त्यांचे दिवाळे निघते तेव्हा पहिला फटका ज्यांनी काहीच केलेले नसते त्यांना बसतो.

म्हणून "त्यांच्यासाठी गेलेच पाहिजे" असे म्हणणारेही त्या वेळी बरेच होते. त्यांचेही मला पूर्ण पटत नव्हते. पाहुणा हा नेहमी फायद्याचाच असतो असे नाही, हे मराठी घरात वेगळे सांगायला नको. शेवटी मी कर्जाच्या अर्जाला लावत असे तसे चार प्रश्न लावले.

पहिला प्रश्न, राग कोणावर आहे? २०२२ च्या जमावाचा राग राजपक्षे घराण्यावर होता, परक्या माणसावर नव्हता. जूनमध्ये कोलंबोच्या प्रेमदासा मैदानावर श्रीलंकेच्या प्रेक्षकांनी पिवळे कपडे घालून ऑस्ट्रेलियाच्या संघाचे आभार मानले होते, अशा दिवसांत तुम्ही आलात म्हणून. २०१९ चे उलट. तेव्हा हॉटेले हेच लक्ष्य होते. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामजवळच्या बैसरण पठारावर २६ जणांना मारले गेले, त्यांत डोंबिवली, पुणे आणि पनवेलची माणसे होती. तिथेही प्रवासी हेच लक्ष्य होते. प्रवासीच निशाण्यावर असेल तर बाकीचे तीन प्रश्न विचारूच नयेत, घरी थांबावे.

दुसरा प्रश्न, परतीची वाट उघडी राहील का? बेटावरून माणूस पायी निघू शकत नाही. कोलंबोचा विमानतळ शहरात नाही, तीसेक किलोमीटरवर कटुनायकेला आहे आणि २०२२ च्या त्या सबंध धामधुमीत तो चालू राहिला. मे २०२४ मध्ये फ्रान्सच्या ताब्यातील न्यू कॅलेडोनियात दंगली उसळल्या तेव्हा तिथला आंतरराष्ट्रीय विमानतळ महिन्याहून अधिक काळ प्रवासी वाहतुकीला बंद होता आणि अडकलेल्यांना सोडवायला ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला लष्करी विमाने पाठवावी लागली. मालदीवची तऱ्हा आणखी निराळी. फेब्रुवारी २०१८ मध्ये तिथे आणीबाणी पुकारली गेली, पण तिथे एक बेट म्हणजे एक हॉटेल, त्यामुळे राजधानी मालेतली धरपकड दुरून आलेल्या पाहुण्याला दिसतसुद्धा नाही. म्हणून "अमुक देशात गडबड आहे" हे वाक्य पुरेसे नाही. कुठल्या गावात, विमानतळापासून किती दूर, हे विचारावे लागते.

तिसरा प्रश्न कागदांचा. जुलै २०२२ मध्ये ब्रिटनने आपल्या नागरिकांना अत्यावश्यक कामाशिवाय श्रीलंकेला जाऊ नका असे सांगितले आणि ऑगस्टमध्ये ती सूचना मागे घेतली. अशी सरकारी सूचना असताना केलेल्या प्रवासाला अनेक विमा पॉलिसी लागू होत नाहीत. पॉलिसीतला बारीक अक्षरातला मजकूर आपण बँकवाल्यांनीसुद्धा न वाचता सही करतो, पण त्या दिवसांत तो मी भिंगाखाली वाचला.

आणि चौथा, मी तिथे जे वापरीन ते कोणाच्या वाट्याचे असेल? इथे माझी गाडी अडली. जूनच्या शेवटी सरकारने अत्यावश्यक सेवा सोडून बाकी सर्वांना पेट्रोल-डिझेल विकणेच थांबवले होते. जुलैत शिधापत्रिकेसारखी पद्धत आली, आठवड्याला मोटारसायकलला चार लिटर आणि मोटारीला वीस. कँडीच्या आमच्या चालकाने फोनवर सांगितले होते की आधीच्या पाहुण्यांसाठी तो दोन रात्री रांगेत झोपला. औषधांची तर दैनाच होती. मार्चमध्ये पेरादेनियाच्या रुग्णालयात ठरलेल्या शस्त्रक्रिया औषधांअभावी थांबवाव्या लागल्या होत्या, आणि ते वाचून आपले परराष्ट्रमंत्री जयशंकर यांनी मदतीची तयारी दाखवली होती. सौ. इन्सुलिनवर आहे, मला रक्तदाब. वाटेत काही झाले असते तर आम्ही पाहुणे म्हणून गेलो असतो आणि ओझे होऊन बसलो असतो. आम्ही न जाण्याचे ठरवले. तो निर्णय आजही मला बरोबर वाटतो.

चूक झाली ती पुढे.

मी पुण्याच्या कंपनीला पत्र लिहिले आणि आगाऊ रक्कम परत मागितली. पंधरा हजार रुपये. परिस्थिती आमच्या हाताबाहेरची होती आणि नियमाप्रमाणे आमचा हक्क होता. पैसे आठ दिवसांत खात्यात आले. मी चालकालाही कळवले. त्याचे उत्तर आले ते तसेच देतो : "काही हरकत नाही सर. पेट्रोल आलं की या." मिरवणूक त्या ऑगस्टमध्येही निघाली. हत्ती चालले, ढोल वाजले. आम्ही ती आमच्या दिवाणखान्यात बसून पाहिली.

पुढच्या घटना वाचकांना आठवत असतील. २० जुलैला रनिल विक्रमसिंघे यांना संसदेने राष्ट्राध्यक्ष निवडले आणि दोनच दिवसांनी पहाटे लष्कराने गॉल फेसवरची आंदोलकांची छावणी उठवली. सप्टेंबरात महागाईचा दर सत्तर टक्क्यांजवळ गेला. त्या वर्षभरात भारताने सुमारे ४०० कोटी डॉलरची मदत केली, इंधन, अन्न आणि औषधांसाठी कर्जाच्या रूपाने. मार्च २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने सुमारे ३०० कोटी डॉलरचा कार्यक्रम मंजूर केला. त्या अडचणीच्या २०२२ मध्येही ७ लाख २० हजारांच्या आसपास पर्यटक आले होते, आणि सर्वांत जास्त आपल्या भारतातून. म्हणजे मी थांबलो तेव्हा काही जण गेले होते.

आम्ही गेलो फेब्रुवारी २०२४ मध्ये. पेट्रोल होते, दिवे होते, कटुनायकेला गर्दी होती. जुन्याच क्रमांकावर मी फोन लावला. आवाज तोच होता, मागे कसली तरी यंत्रे घरघरत होती. तो दोहाला होता, एका बांधकामावर. २०२२ च्या पावसाळ्यातच गाडी विकून तो गेला होता. त्या वर्षी श्रीलंकेतून तीन लाखांहून अधिक माणसे परदेशी कामाला गेली, त्यांतला तो एक. म्हणाला, "सर, पेट्रोल आलं. मी मात्र तिथे नाही." मग हसला आणि आपल्या मेव्हण्याचा क्रमांक दिला.

मेव्हण्याने आम्हाला कँडी, नुवारा एलिया, गॉल सगळे दाखवले. चौथ्या दिवशी चहाच्या टपरीवर, कुठलाही आकस न ठेवता, त्याने सांगितले की ती आगाऊ रक्कम कंपनीने पदरची दिली नव्हती. ती आधीच त्याच्या दाजींना पोचली होती आणि त्यांच्याकडून परत घेतली गेली. गाडीचा हप्ता थकला होता, त्याच महिन्यात. पंधरा हजारांनी ती गाडी वाचली असती असे मी म्हणत नाही. एका हप्त्याने कर्ज फिटत नाही हे मला कोणी शिकवायला नको. पण सौ. त्या रात्री मला एवढेच म्हणाली, "अहो, पोस्टमास्तर रांगेत उभे होते म्हणून तुम्ही हसला होतात."

सांगायचे ते एवढेच आहे. जावे की न जावे याचे एक ठाम उत्तर नाही. ते गावावर, महिन्यावर आणि आपल्या प्रकृतीवर अवलंबून असते. पण जायचे नाही असे ठरले तरी आपला संबंध संपत नाही. ज्याला मुदत ठेव मोडायची गरज नाही त्याने ती अफवेच्या दिवशी मोडू नये, हे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो. तोच न्याय इथे लावायला हवा होता. सहल रद्द करण्याऐवजी ती पुढे ढकलावी आणि परवडत असेल तर आगाऊ रक्कम तिथेच राहू द्यावी. ती आपल्याला महिन्याच्या खर्चात दिसत नाही, तिथे ती एखाद्याचा एक महिना असते. गेल्यावर जमेल तेवढे पैसे स्थानिक खानावळीत, घरगुती मुक्कामात खर्च करावेत. पुण्यामुंबईत भरलेल्या सहलीच्या पैशांतला बराच भाग विमान कंपनी, दलाल आणि बाहेरच्या हॉटेलसाखळीकडे जातो, बेटावर पोचतच नाही. आणि चलन बदलायचे ते बँकेत. रस्त्यावरचा माणूस चार रुपये जास्त देतो खरा, पण ते डॉलर त्या देशाच्या औषधांच्या खरेदीला उपयोगी पडत नाहीत. २०२१ मध्ये नेमके हेच झाले होते.

श्रीलंका आता सावरते आहे. २०२४ मध्ये वीस लाखांहून अधिक पर्यटक आले. त्याच सप्टेंबरात लोकांनी मतपेटीतून अनुरा कुमारा दिसानायके यांना राष्ट्राध्यक्ष केले, तलावात उड्या न मारता. मात्र महागाईचा दर उतरला म्हणजे किमती उतरल्या असे नव्हे. एकदा ८ टक्क्यांवर आणलेला मूल्यवर्धित कर आता १८ टक्के आहे. तो साबण घेणारी बाईही भरते.

दर दिवाळीला मी दोहाला फोन करतो. पंधरा हजारांचा विषय मी एकदा काढला, त्याने तो टाळला. गेल्या वेळी मी विचारले, परत कधी जाणार? म्हणाला, "गाडीपुरते पैसे जमले की. मग तुम्ही दोघं या सर, मिरवणूक राहिली आहे ना तुमची?"

राहिली आहे. या खेपेस आगाऊ रक्कम थेट त्याच्या हातात देण्याचे आम्ही ठरवले आहे.